नाक, तोंड आणि मोजपट्टी

भुवया वर उचला. डोळे अलगद मिटा. तोंड उघडून मोकळे हसा. नाक मुरडून वरचा ओठ वर ओढा. आणि शेवटी, शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करा.

एवढ्या पाचच हालचाली. चेहऱ्याच्या लकव्याने तोंड एका बाजूला वाकडे झालेल्या माणसाला आज जगातल्या कितीतरी दवाखान्यांत या पाच गोष्टी करायला सांगतात. समोरचा तपासणारा कागदावर आकडे मांडतो. प्रत्येक हालचालीला एक ते पाच गुण, त्या बेरजेची चौपट. चेहरा स्वस्थ असताना डोळा, गालाची घडी आणि ओठांचा कोपरा यांत जो वाकडेपणा दिसतो, त्याचे गुण पाचपट करून वजा करायचे. हसायला जावे आणि डोळाच मिटावा, अशी भलतीच हालचाल सोबत होत असेल तर तेही वजा. धडधाकट चेहऱ्याला १००, पूर्ण लुळ्या पडलेल्या चेहऱ्याला ०. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयाचे नाव या पद्धतीला मिळाले आहे. ब्रेंडा रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ती प्रसिद्ध केली.

त्याआधी वापरात होती ती हाउस-ब्रॅकमन यांची १९८५ची प्रतवारी. तिच्यात सहाच पायऱ्या. एकेका पायरीवर इतक्या वेगवेगळ्या अवस्थांतली माणसे बसत, की कित्येक महिने आरशासमोर व्यायाम करून कुणाच्या ओठाचा कोपरा थोडा उचलला गेला, तरी कागदावर पायरी तीच राहायची. रुग्णाला फरक कळे, घरच्यांना कळे, संशोधनाला मात्र कळत नसे. सनीब्रुकच्या कागदाने हा फरक पकडला. कॅनडातल्या चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचे संशोधन मी वाचत गेलो तेव्हा पुन्हा पुन्हा याच जागी येऊन थांबलो. या शाखेत कुशल हात फार लवकर तयार झाले. त्या हातांनी जे केले ते नीट झाले की नाही, हे ठरवणारी मोजपट्टी फार उशिरा आली. आणि ती घडवण्यात कॅनडाने जे काम केले आहे ते तिथल्या कुठल्याही एका गाजलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठे आहे, असे माझे मत झाले आहे.

हात किती लवकर तयार झाले, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १७९२च्या लढाईत इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा साचा करून तो कपाळावर पसरला, त्या आकाराची कातडी सोडवली, दोन भुवयांमधला देठ तसाच जोडलेला ठेवून ती खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. मुंबई इलाख्यातले टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन डॉक्टर ते पाहत होते. चित्रकार जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये 'बी. एल.' या सहीने ही हकिकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यूने आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. त्वचेच्या कर्करोगात नाकाचा मोठा भाग गेला, तर आजही टोरांटोत काय आणि मुंबईत काय, कपाळाची कातडी याच तऱ्हेने खाली वळवतात.

त्या हकिकतीत दोन गोष्टी नाहीत. करणाऱ्याचे नाव नाही, आणि कावसजीला ते नाक कसे वाटले हेही नाही. नाक उत्तम झाले याचा पुरावा एकच, वेल्सचे चित्र. ज्या समाजात 'नाक कापले' म्हणजे अब्रू गेली, त्या समाजातल्या माणसाला वर्षभराने नाक परत मिळते आणि त्याला कुणी विचारत नाही, ही उणीव पुढे दीडशे-दोनशे वर्षे या शास्त्रात राहिली.

पहिल्या महायुद्धातही निकाल नोंदवायला चित्रकारच होता. खंदकातून डोके वर काढले की चेहऱ्यावर गोळी, अशी ती लढाई. १९१७ साली इंग्लंडमध्ये सिडकपला क्वीन्स हॉस्पिटल उघडले. न्यूझीलंडचा हॅरोल्ड गिलीज तिथला मुख्य, आणि कॅनडाच्या जखमींसाठी कॅनडाच्या डॉक्टरांचा वेगळा विभाग. त्यातले फुल्टन रिस्डन पुढे टोरांटोला परतले. कॅनडाचे पहिले प्लास्टिक सर्जन म्हणून त्यांचे नाव घेतात. खालच्या जबड्याच्या काठाखालून द्यायच्या एका छेदाला आजही त्यांचेच नाव आहे. सिडकपच्या रुग्णांची रंगीत खडूंची चित्रे हेन्री टॉन्क्सने काढली. तो आधी सर्जन आणि मग चित्रकार झालेला. ती चित्रे पाहताना जीव गलबलतो. पण त्या वॉर्डांत आरसे ठेवत नसत, आणि गावातल्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवले होते, म्हणजे तिथे कोण बसलेले असेल याची गावकऱ्यांना आधीच कल्पना यावी.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्येच ईस्ट ग्रिन्स्टेडला याच्या उलट घडले. होरपळलेले वैमानिक तिथे सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडोच्या हाताखाली होते. कॅनडाच्या हवाई दलाचे रॉस टिली त्याच्या जोडीला आले आणि १९४४ साली तिथे कॅनडाची स्वतंत्र इमारत उभी राहिली. मॅकिंडोने गावालाच उपचारात सामील करून घेतले. या पोरांना घरी बोलवा, खानावळीत जागा द्या, त्यांच्याकडे टक लावून पाहू नका. रुग्णांनी १९४१मध्ये आपला एक क्लब काढला आणि त्याला नाव दिले 'गिनीपिग क्लब'. आपल्यावर प्रयोग चालले आहेत हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते उघड सांगितले. संमतिपत्रे, नीतिसमित्या या गोष्टी पुढच्या काळातल्या. पण ज्याच्यावर प्रयोग होतो त्याचाही आवाज असतो, हे या शाखेत मला पहिल्यांदा ठळक दिसते ते इथे. टिलींचे नाव आज टोरांटोच्या भाजलेल्या रुग्णांसाठीच्या केंद्राला आहे.

चित्राच्या जागी मोजमाप आणले एका निर्वासिताने. लेस्ली फारकश चेकोस्लोव्हाकियातून आले आणि टोरांटोच्या सिककिड्स या मुलांच्या रुग्णालयात त्यांनी चेहरे मोजण्यात आयुष्य घातले. हातात कॅलिपर, समोर माणूस. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधले अंतर, नाकाची रुंदी, ओठाची उंची, कानाची लांबी. डोके आणि चेहरा यांच्या मापनावरचा त्यांचा ग्रंथ १९८१ साली आला. सर्जन तोवर सौंदर्याचे जे नियम पाठ करत, ते युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या कलावंतांचे होते. चेहऱ्याचे उभे तीन भाग सारखे असावेत, नाकाची रुंदी दोन डोळ्यांमधल्या अंतराइतकी असावी, तोंड नाकाच्या दीडपट रुंद असावे. फारकश यांनी १९८५मध्ये हे नियम उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या तरुण-तरुणींनाच लावून पाहिले. धडधाकट, चारचौघांसारख्या चेहऱ्यांतही ते वारंवार मोडलेले निघाले. ज्यांच्यासाठी नियम केले असे मानत होते, त्यांच्यातच ते पाळले जात नव्हते.

२००५मध्ये त्यांनी आणि देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी २५ वंशसमूहांतल्या १,४७० निरोगी माणसांची मापे एकत्र छापली. त्यात भारतीयही होते. आपल्याकडे लग्नाच्या बाजारात चाफेकळी नाकाचा भाव अजून उतरलेला नाही. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण एखाद्या मुलीला घरातच ऐकावी लागते. अशा समाजात सर्जनपुढे बसलेल्या मुलीच्या नाकाची तुलना कुणाच्या नाकाशी करायची, हा तांत्रिक प्रश्न राहत नाही. फारकश यांच्या तक्त्यांमुळे निदान एवढे झाले, की गोऱ्या चेहऱ्याचे माप हेच सगळ्यांचे माप असे म्हणण्याला शास्त्राचा आधार उरला नाही. माझ्या लेखी या शाखेतले हे सर्वांत मानवी काम आहे, आणि ते एकही टाका न घालता झाले.

आता अडचणीची बाजू. पुराव्यावर आधारलेले वैद्यक हा शब्दप्रयोग रूढ झाला तोच कॅनडातून, हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात. डेव्हिड सॅकेट यांनी पाया घातला, गॉर्डन गायट यांनी १९९१मध्ये नाव दिले. त्या विचारात पुराव्याची उतरंड असते. सर्वांत वर, चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलेल्या रुग्णांची चाचणी. सर्वांत खाली, 'माझ्या वीस रुग्णांना मी असे केले आणि बरे झाले' अशी हकिकत. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेवरचे बहुतेक लेखन अजूनही या उतरंडीच्या खालच्या भागात आहे. मॅकमास्टरचेच प्लास्टिक सर्जन अकिलियस थोमा वर्षानुवर्षे हेच आपल्या सहव्यवसायींना सांगत आले आहेत.

याला नुसता आळस कारण नाही. गोळीची बनावट जुळी गोळी करता येते, शस्त्रक्रियेची कशी करणार? एकाच पद्धतीचा निकाल दोन सर्जनांच्या हातून सारखा येत नाही. वाकडे तोंड घेऊन आलेला माणूस 'चिठ्ठी निघेल ते करा' म्हणायला सहज तयार होत नाही. आधीचे आणि नंतरचे छायाचित्र हा पुरावा म्हणून किती कच्चा असतो, हे पासपोर्टचा फोटो काढलेल्या कुणालाही कळेल. दिवा थोडा सरकवला, हनुवटी बोटभर उचलली, की नाकच बदलते. आणि वाट पाहायची किती? तान्हेपणी टाळू शिवलेल्या मुलाचा वरचा जबडा कसा वाढला, हे ते मिसरूड फुटेपर्यंत पक्के कळत नाही. सिककिड्सचे ब्रूस रॉस यांनी १९८७मध्ये जगभरच्या १५ केंद्रांतून दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या रुग्णांचे क्ष-किरण जमवून, शस्त्रक्रियेचा चेहऱ्याच्या वाढीवर काय परिणाम होतो, याचा सात भागांत अभ्यास छापला. एका गावचे रुग्ण पुरत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

तरी ठरवले तर होते. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेल्या आणि २००७मध्ये छापून आलेल्या चाचणीने, बेल्स पाल्सी या अचानक येणाऱ्या लकव्यात प्रेडनिसोलोन लवकर दिले तर तीन महिन्यांत ८३ टक्के रुग्ण पूर्ण बरे होतात, न दिल्यास सुमारे ६४ टक्के, हे निर्विवाद दाखवले. टाळू सहाव्या महिन्यात शिवावी की बाराव्या, या साध्या प्रश्नावर युरोपातल्या चार देशांनी आणि ब्राझीलने मिळून ५५८ बाळांची चाचणी केली. तिचा निकाल २०२३मध्ये आला. सहाव्या महिन्यात शिवलेल्या मुलांत पाच वर्षांच्या वयाला बोलताना नाकातून हवा निसटण्याचा दोष ८.९ टक्के होता, बाराव्या महिन्यात शिवलेल्यांत १५ टक्के. प्रश्न एका ओळीचा, त्याच्या उत्तराला दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

याउलट कपाळावरच्या आठीचे बघा. व्हँकुव्हरच्या जीन कॅरुथर्स डोळ्यांच्या डॉक्टर. पापण्या सतत गच्च मिटण्याच्या विकारावर त्या बोट्युलिनम हे विष अगदी सूक्ष्म मात्रेत टोचत. १९८७च्या सुमारास एका रुग्ण बाईंनी सांगितले, की भुवयांमध्ये टोचले की तिथली आठी जाते आणि चेहरा निवांत दिसतो. जीन यांचे पती अॅलस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२मध्ये पहिला लेख लिहिला, २००१मध्ये कॅनडा सरकारने या वापराला मान्यता दिली, आणि २००२मध्ये २६४ जणांवरची, चिठ्ठ्यांनी वाटणी केलेली, कुणाला औषध टोचले आणि कुणाला नाही हे तपासणाऱ्यालाही कळू न देणारी चाचणी प्रसिद्ध झाली. शास्त्र म्हणून ते चोख काम आहे. रुग्णाचे बोलणे मन लावून ऐकले म्हणून हा शोध लागला, हेही मला भावते. पण चेहऱ्याबद्दलचा सर्वांत कडक पुरावा आठीबद्दल लवकर जमावा आणि दुभंगलेल्या टाळूबद्दल इतका उशिरा, याचे दुःख होते. टोचण्याच्या सुईत औषधाऐवजी मिठाचे पाणी भरता येते, हे एक कारण. दुसरे कारण पैसा. आठीमागे औषध कंपनी उभी असते, टाळूमागे कोण? तेच औषध आज लकव्यानंतर हसताना मिटणाऱ्या डोळ्यालाही देतात, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

कॅनडातले जे काम मला सर्वांत जास्त हलवून गेले ते हसण्याचे. मोबियस सिंड्रोम हा जन्मजात, फार विरळा विकार. डोळे बाजूला वळवणारी आणि चेहरा हलवणारी, या दोन्ही नसा तयारच झालेल्या नसतात. मूल आनंदात असते, चेहरा मात्र कोरा. आई बाळाकडे पाहून हसते आणि बाळाला परत हसता येत नाही. पुढे शाळेत अशा मुलांना मंद किंवा घुमे समजले जाते, कारण समोरच्याला उत्तर देणारा चेहराच त्यांच्याकडे नसतो.

जपानचे कियोनोरी हारी यांनी १९७६मध्ये मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस हा स्नायू लुळ्या चेहऱ्यात बसवण्याची वाट दाखवली. टोरांटोत राल्फ मॅन्कटेलो आणि सिककिड्सचे रोनाल्ड झुकर यांनी ती मोबियसच्या मुलांपर्यंत नेली. १९८९मध्ये त्यांचा त्यावरचा लेख आला. मांडीतून स्नायूचा छोटा तुकडा काढायचा, त्याची रोहिणी आणि नीला सूक्ष्मदर्शकाखाली चेहऱ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडायची, एक टोक ओठाच्या कोपऱ्यात अडकवायचे. आणि नस? चेहऱ्याची स्वतःची नस नाही, म्हणून घास चावणाऱ्या स्नायूची नस उसनी घ्यायची. शस्त्रक्रियेनंतर काही महिने काहीच होत नाही. मग एके दिवशी मूल दात आवळते आणि ओठाचा कोपरा वर जातो.

खरा संशोधनाचा प्रश्न यापुढे सुरू होतो. दात आवळून आणलेले हसू हे हसू म्हणायचे का? मॅन्कटेलो, झुकर आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये १६ ते ६१ वयाच्या २७ रुग्णांचे निकाल मांडले. त्यांच्यात मिळून ४५ स्नायू बसवलेले होते. ८५ टक्के रुग्ण दात न आवळता हसायला शिकले होते. ५९ टक्के रुग्णांना नेहमी आणि आणखी २९ टक्के रुग्णांना कधी कधी, विचार न करता, आपोआप हसू येत होते. म्हणजे चावण्यासाठी असलेल्या नसेला मेंदूने मोठ्या वयातसुद्धा हसण्याचे काम शिकवले. हा अभ्यास उतरंडीत वरचा नाही. त्यात तुलनेचा गट नाही, रुग्ण थोडे आहेत. तरी मी त्याला थोर मानतो, कारण त्याने स्नायू किती मिलिमीटर हलला एवढ्यावर भागवले नाही. 'तुम्ही ठरवून हसता, की हसू येते?' असा प्रश्न त्याने विचारला. आपल्या भाषेत हा फरक आधीपासून आहे. आपण हसतो, आणि आपल्याला हसू येते. शस्त्रक्रियेने पहिले देता येते. दुसरे आले का, ते रुग्णच सांगू शकतो.

सिककिड्समधूनच डोळ्याचे एक काम पुढे आले. बुबुळाची संवेदना गेली की डोळ्यात धूळ गेलेली कळत नाही, पापणी वेळेवर लवत नाही, जखम होते आणि शेवटी दृष्टी जाते. झुकर, ग्रेगरी बोर्शेल, असीम अली आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये यावरचा एक उपाय मांडला. पायातल्या नसेचा तुकडा घ्यायचा, तो कपाळाच्या जागत्या नसेला जोडायचा आणि कातडीखालून बुबुळापर्यंत न्यायचा. हे वाचताना मला आपल्याकडचा कुष्ठरोग आठवला. त्यातही नाकाचा कणा बसतो, भुवया झडतात, पापणी मिटत नाही, बुबुळ बधिर होते. डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला आणि मुंबईला याच चेहऱ्यांसाठी आयुष्य वेचले. गिलीज यांच्याकडून आलेली नाकाच्या आतून अस्तर घालण्याची पद्धत त्यांनी कुष्ठरोग्यांच्या बसक्या नाकांसाठी वापरली. त्यांच्या रुग्णाला नाक हवे होते ते गावात परत जाता यावे म्हणून. औषधाने जंतू मेला तरी चेहऱ्यावरून रोग ओळखू येत असे, आणि गाव चेहराच बघत असे.

हाडांच्या बाजूला टोरांटोने केलेले एक काम फार थोड्यांना ठाऊक असते. टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव होतो, हा शोध स्वीडनच्या ब्रोनेमार्कचा. पण तो खरा आहे का, हे स्वतंत्रपणे करून पाहिले टोरांटोच्या जॉर्ज झार्ब यांनी, आणि १९८२ साली तिथे भरवलेल्या परिषदेत जगापुढे ठेवले. दुसऱ्याचा निकाल आपल्या हाताने पुन्हा काढून पाहण्याला टाळ्या मिळत नाहीत, पण शास्त्र उभे राहते ते त्यावरच. त्या पायावर एडमंटनला १९९३मध्ये जोहान वुल्फार्ट आणि गॉर्डन विल्क्स यांनी एक केंद्र सुरू केले. तिथे कान, नाक, डोळा गमावलेल्यांना हाडात बसवलेल्या खुंट्यांवर अडकवता येणारे अवयव मिळतात. त्याच शहरात हादी सैकली यांनी पायाच्या हाडातून जबडा घडवण्याआधी तो सगळा संगणकावर आखून, दातांच्या जागांसकट बेतण्याची पद्धत बसवली. अल्बर्टा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अडेटोला अडेसिडा यांच्या गटाने नाकातल्या कूर्चेच्या पेशी जेलमध्ये मिसळून त्रिमितीय छपाईने कूर्चा तयार केली. तो लेख २०२१चा. ती माणसाच्या चेहऱ्यावर किती टिकते, हा पुढचा टप्पा आहे, आणि वर्तमानपत्री बातम्यांनी तो ओलांडून जाऊ नये.

बातमीचा सर्वांत मोठा गाजावाजा अर्थात मॉन्ट्रियलला झाला. मे २०१८मध्ये मेझोनव्ह-रोझमाँ रुग्णालयात डॅनियल बोरसुक यांच्या नेतृत्वाखाली कॅनडातले पहिले चेहरा-प्रत्यारोपण झाले. रुग्ण ६४ वर्षांचे. २०११मध्ये शिकारीच्या अपघातात जबडे, ओठ, नाक, दात सारे गेलेले. शस्त्रक्रिया ३० तास चालली, शंभराहून अधिक माणसे त्यात गुंतली होती. २००५मध्ये फ्रान्समधल्या आमियाँला जगातले पहिले चेहरा-प्रत्यारोपण झाले, तेव्हापासून एकच प्रश्न विचारला जातो. यकृत नसेल तर माणूस मरतो, चेहरा नसेल तर मरत नाही. मग शरीराने तो नाकारू नये म्हणून जन्मभर औषधे घ्यायची, त्यांतून येणारे संसर्ग आणि कर्करोगाची जोखीम पत्करायची, हे योग्य आहे का? २०२४मध्ये जगभरच्या ५० प्रत्यारोपणांचा एकत्र हिशेब आला. पाच वर्षांनी ८५ टक्के आणि दहा वर्षांनी ७४ टक्के चेहरे टिकून होते. आकडे आशादायक आहेत. पण ज्याला घास तोंडात ठरत नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यावा लागतो आणि घराबाहेर पाऊल टाकवत नाही, त्याच्या जगण्याचे माप या टक्क्यांत नाही. 'चेहरा नसेल तर मरत नाही' हे वाक्य तोंड दाखवायला जागा असलेल्यांनी केलेले आहे, असे मला वाटते.

यंत्रेही आता मोजायला लागली आहेत. छायाचित्रातून भुवया, पापण्या, ओठांचे कोपरे आपोआप ओळखणारे संगणकी कार्यक्रम सनीब्रुकच्या कागदाचे काम क्षणात करतील, अशी आशा होती. टोरांटोच्या संशोधकांनी बोस्टनच्या सहकाऱ्यांसोबत २०२०मध्ये दाखवले, की निरोगी चेहऱ्यांवर शिकलेला कार्यक्रम लकवा झालेल्या चेहऱ्यावर चुकतो. ओठाचा कोपरा जिथे असायला हवा होता तिथे तो खूण करतो. खऱ्या रुग्णांची छायाचित्रे दाखवून पुन्हा शिकवले तेव्हा तो सुधारला. फारकश यांनी कॅलिपर घेऊन जे सांगितले होते, तेच यंत्राला नव्याने शिकवावे लागले.

सरतेशेवटी ज्या मोजपट्टीने पारडे फिरवले ती मुलांच्या हातात आहे. सिककिड्सच्या कॅरन वाँग रिफ आणि मॅकमास्टरच्या अॅन क्लासेन यांनी दुभंगलेला ओठ आणि टाळू असलेल्यांसाठी 'क्लेफ्ट-क्यू' ही प्रश्नावली घडवली. सर्जनना काय महत्त्वाचे वाटते ते बाजूला ठेवून आधी वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांशी बोलणे झाले, त्या बोलण्यातून प्रश्न निघाले. मग १२ देशांतल्या ८ ते २९ वयाच्या २,४३४ मुलामुलींकडून ते भरून घेतले. निकाल २०१८मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या १२ देशांत भारत आहे. ओठावरचा व्रण, नाकपुड्या, दात, जबडा, बोलणे, खाणे-पिणे, शाळा, मित्र, बोलताना वाटणारा संकोच, सगळ्याचे वेगळे माप. ना-नफा काम करणाऱ्यांना ती विनामूल्य वापरता येते, आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या उपचारांच्या आंतरराष्ट्रीय मापदंडांत तिला जागा मिळाली आहे.

आपल्या मुलखात या विकाराचा मोठा इतिहास आहे. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी देशातला प्लास्टिक सर्जरीचा अगदी सुरुवातीचा विभाग उभारला. दुभंगाची त्यांनी केलेली वर्गवारी 'नागपूर वर्गीकरण' म्हणूनच पुस्तकांत आहे. पंढरपूरला जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसून, दर हिवाळ्यात अमेरिकेतून येऊन विनामूल्य शिबिरे घेत राहिले. गर्भारपणी ग्रहण पाळले नाही म्हणून असे मूल झाले, असे सुनेला ऐकवणाऱ्या गावांत त्या शिबिरांनी किती घरांचे ओझे उतरवले असेल! शिबिरात टाके घालून घेतलेले मूल आज मोठे झाले आहे. त्याला कसे वाटते, हे आता विचारता येईल.

ते मराठीत विचारायचे म्हटले तर मात्र पहिल्याच पानावर अडखळायला होते. अशा प्रश्नावल्या दुसऱ्या भाषेत नेताना दोघांनी वेगवेगळे भाषांतर करायचे, तिसऱ्याने ते मूळ भाषेत उलटे न्यायचे आणि शेवटी रुग्ण मुलांना वाचायला देऊन त्यांना काय कळले ते तपासायचे, अशी रीत आहे. चेहरा हा शब्द पुस्तकातला. सोलापूरकडच्या आठ वर्षांच्या पोराला घरात सांगतात, 'तोंड धुऊन ये', आणि ते सगळा चेहरा धुऊन येते. त्यालाच 'तोंड उघड' म्हटले की ते ओठ उघडते. 'तुझे तोंड तुला कसे वाटते?' या प्रश्नाला ते ओठांबद्दल उत्तर देईल, दातांबद्दल, की आरशात दिसणाऱ्या सगळ्या मुलाबद्दल, हे त्याच्या शेजारी बसून, एकेका शब्दावर बोट ठेवून त्यालाच विचारावे लागेल.